ऐंशी, शंभर आणि सासूबाई

आमच्या घरात तीन बायका, दोन नवरे आणि एक बॅटरी. नवऱ्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ते सकाळी जातात, संध्याकाळी येतात, आणि जेवताना कोणी आवाज चढवला की दोघेही एकदम पाणी प्यायला लागतात. बॅटरीबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तिच्यापायी आमचं घर मोडायला आलं होतं.

बॅटरी विजेवर चालणाऱ्या सायकलची. सायकल मी आणि माझ्या धाकट्या जावेने मिळून घेतली. धाकटी बेकरीत कामाला आहे. उजाडायच्या आत तिला भट्टी पेटवायची असते, म्हणून पहाटे सायकल तिची. ती जेवणाच्या वेळेला परत येते आणि मग सायकल माझी. मी केस कापते, पण दुकानात नाही. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, जिना उतरवत नाही, अशांच्या घरी जाऊन कापते. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर लोकांच्या मानाच असतात. त्यामुळे तोंड एक बोलत असलं आणि मान दुसरंच सांगत असली तर मला ते चटकन कळतं. धाकटीची मान ताठ आहे. लग्न होऊन घरात आली त्याच दिवशी मी ते पाहिलं होतं आणि ती मला तेव्हाच आवडली होती. तिला सांगितलं नाही अर्थात. अशा गोष्टी जावेला सांगत नाहीत.

चार्जर लावायची जागा एकच, दारातल्या बोळात, चपलांच्या रॅकशेजारी. येता-जाता प्रत्येकाची नजर तिथे पडते आणि प्रत्येकाचा हातही तिथे पोचतो. सगळ्या भानगडीचं मूळ ते सॉकेट.

सायकलबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आमच्या घरात असं काही वाचणारी मी एकटी, बाकीचे बटण दाबून बघतात काय होतं ते. बॅटरी रोजच्या रोज काठोकाठ भरायची नाही, ऐंशी टक्क्यांवर थांबवायची. पार तळाला जाऊ द्यायची नाही. बाहेरून आली की लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी गार होऊ द्यायची. तिचा चार्जर तिलाच, भलत्याच चार्जरशी तिची गाठ घालायची नाही. एवढं पाळलं तर ती वर्षानुवर्षं साथ देते. हे मी सगळ्यांना जेवताना सांगितलं. दोघे नवरे पाणी प्यायले.

धाकटीला ते काही पटलं नाही.

"वहिनी, पाण्याची बाटली कोणी पाऊण भरून नेतं का?" ती म्हणाली.

"पाण्याची बाटली म्हातारी होत नाही."

"पण रस्त्यात संपली तर? तुमचे पेशंट तासभर थांबतील. पावाचं पीठ नाही थांबत."

मी ज्यांच्याकडे जाते त्यांना ती पेशंट म्हणते. मी हजार वेळा सांगितलंय की ती गिऱ्हाइकं आहेत.

तर धाकटीचा धर्म शंभर टक्के, हिरवा दिवा लागेपर्यंत. माझा धर्म ऐंशी. आणि सासूबाईंचा धर्म आग. त्यांनी उभा जन्म कापडाच्या गोदामात नोकरी केली. गोदामात आग हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारतात म्हणे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोदाम सोडलं, पण गोदामाने त्यांना सोडलं नाही. घरातून फेरी मारताना त्यांचं नाक पुढे असतं आणि बाकीच्या त्या मागे. चार्जर दिसला की "कसलातरी वास येतोय" म्हणायचं आणि प्लग उपटायचा, एवढं ठरलेलं. मग बॅटरी उचलून कोठीच्या खोलीत न्यायची आणि गार फरशीवर ठेवायची. भिंतीपासून हातभर लांब, वर काही रचायचं नाही, खाली काही अंथरायचं नाही. गोदामाचा नियम.

आता रोजचा प्रकार ऐका. धाकटी दुपारी घामाघूम होऊन यायची आणि चप्पल काढायच्या आधी तापलेली बॅटरी चार्जिंगला लावायची. मी ती काढायचे आणि गार झाली की परत लावायचे. जरा इकडेतिकडे गेले की सासूबाई उपटायच्या. मी निघताना कुरकुरत बघायचे तर आकडा सत्तरच्या आसपास. रागाने निघायचे. संध्याकाळी आले की थोड्या वेळाने मी ऐंशीच्या हिशेबाने लावायचे आणि बाजूला खुर्ची टाकून बसायचे. मी उठले की धाकटी ती शंभरच्या हिशेबाने चालू ठेवायची. तिची पाठ वळली की सासूबाईंना वास यायचा. ही अशी तीन वर्षं.

मध्ये एकदा आम्ही सगळे बरेच दिवस बाहेरगावी गेलो. निघताना धाकटी म्हणाली, बॅटरी फुल्ल करून जाऊ. मी म्हटलं, अजिबात नाही. आम्ही दोघी बोळात हमरीतुमरीवर आलो असताना सासूबाईंनी निम्मी भरलेली बॅटरी सॉकेटवरून काढून कोठीत नेऊन ठेवली, कुलूप लावलं आणि चावी पर्समध्ये टाकली. "घरात माणूस नसताना काही चालू राहणार नाही," म्हणाल्या. त्या प्रवासात आम्ही तिघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोललो. नवरे खिडकीतून बाहेर बघत होते.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी आम्ही एकमेकींशी चांगल्या वागलो आणि घात झाला.

झालं असं. धाकटीच्या बेकरीची मालकीण कधी नव्हे ते खूश झाली आणि म्हणाली, उद्यापासून मोठी भट्टी तुझ्या हाती. धाकटी तीन वर्षं छोट्या भट्टीवर बिस्किटं भाजत होती. मोठी भट्टी म्हणजे सगळा पाव, सगळी जबाबदारी, आणि हाताखाली दोन माणसं. ती घरी आली तीच नाचत. मला धरून तिने स्वयंपाकघरात एक गिरकी मारली, माझ्या हातात कात्री असताना. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझी सख्खी बहीण पहिली आली असती तरी झाला नसता इतका झाला. त्या संध्याकाळी आम्ही दोघी भांडी घासताना उगाच हसत होतो. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे चढावर सायकल बंद पडली. बॅटरी संपली होती, अगदी पार रिकामी. मोटार बंद पडलेली ती सायकल म्हणजे नुसता लोखंडाचा ढिगारा, तो ढकलत धाकटी बेकरीत पोचली तेव्हा भट्टी थंड होती, हाताखालची दोन माणसं पायरीवर बसली होती आणि मालकीण दारात उभी होती. त्या दिवशी शहराच्या त्या भागाला पाव उशिरा मिळाला. मालकीण फार बोलली नाही. "तू छोट्या भट्टीवरच बरी," एवढंच म्हणाली. नंतर, माणूस वाईट नाही ती, तिने तोडगा काढला. बेकरीच्या वर दोन खोल्या रिकाम्या आहेत. नवऱ्याला घेऊन तिथे राहायला ये, मग मोठी भट्टी परत तुझी. जिना उतरायला बॅटरी लागत नाही.

धाकटी घरी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"वहिनी, निदान कालचा दिवस तरी प्लग लवकर काढायचा नव्हता."

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"म्हणूनच ती रिकामी होती का?"

मला एवढा संताप आला की सांगता येत नाही. इतर दिवशीचं म्हटली असती तर मी मान्य केलं असतं, कारण इतर दिवशी मी काढतेच. पण नेमक्या ज्या दिवशी माझे हात स्वच्छ होते त्याच दिवशी माझ्यावर आळ. मी तिला नाही नाही ते बोलले. तिनेही एक शब्द बाकी ठेवला नाही. सासूबाईंकडे पाहिलं तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका. काल मला कसलाही वास आला नाही."

रविवारी सामान हलवायचं ठरलं. धाकटीने खोकी आणून बोळात रचली आणि मी त्यांना वळसा घालून ये-जा करायला लागले. ती जाऊ नये असं मला फार वाटत होतं. पण मी ते कसं बोलणार? बोलले असते तर चूक माझी होती असा अर्थ झाला असता. म्हणून मी म्हटलं, "कपाटातल्या जाड चादरी तुम्ही न्या, आम्हाला नकोत." तिने त्या नेल्या नाहीत.

सायकल कोणी ठेवायची यावर भाऊजींनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, जन्मात पहिल्यांदा पाण्याचा ग्लास खाली ठेवून तोंड उघडलं. "आधी बॅटरी तपासून घेऊ. तीन वर्षं झालीत. उगाच मेलेली बॅटरी कोणाच्या गळ्यात नको." सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मला त्या मशिनकडून ऐकायचं होतं की शंभर टक्केवालीने बॅटरीची वाट लावली. धाकटीलाही माझ्याबद्दल असंच काहीतरी ऐकायचं असणार, तिच्या मानेवरून कळत होतं. सासूबाई कोणी न बोलावता चपला घालून तयार झाल्या. "तो माणूस तिला कशावर ठेवतो ते बघायचंय मला," म्हणाल्या.

सायकलवाल्याचं दुकान उताराच्या तळाशी आहे. माणूस आडदांड, आवाज मात्र अगदी बारीक. त्याने बॅटरी टेबलावर घेतली, वायरी जोडल्या आणि म्हणाला, याला वेळ लागेल. वेळ जावा म्हणून त्याने आम्हाला मागच्या भिंतीवरची फळी दाखवली. त्या फळीवर मेलेल्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली मरणाचं कारण लिहिलेलं. 'गाडीच्या डिकीत, उन्हात.' 'हिवाळाभर रिकामी पडून.' 'मेव्हण्याच्या चार्जरवर.' 'पाइपाने धुतली.' शेवटच्या एका चकचकीत बॅटरीखाली नुसतं 'प्रेमाने' लिहिलं होतं.

"ही कशी गेली?" धाकटीने विचारलं.

"एक मास्तर होते. पाय मोडला म्हणून अर्धं वर्ष सायकल चालवणार नव्हते. बॅटरी उपाशी राहू नये म्हणून पलंगाशेजारी चोवीस तास लावून ठेवली. कायम फुल्ल. फुगून मेली बिचारी." त्याने 'प्रेमाने'वर बोट फिरवून धूळ पुसली. "रिकामी ठेवून मारतात त्याहून जास्त लोक भरून भरून मारतात. न वापरता ठेवायची तर निम्मी भरायची आणि गार जागी ठेवायची. पण ऐकतं कोण?"

मी धाकटीकडे पाहिलं. असं पाहिलं की शब्दांची गरज पडू नये.

एवढ्यात मशिन वाजलं. सायकलवाल्याने आकडा पाहिला, चष्मा पुसला, वायरी काढून परत जोडल्या आणि परत पाहिलं.

"ही तुम्ही मध्ये बदलली का?"

"नाही. तीच आहे. तीन वर्षं," भाऊजी म्हणाले.

"खोटं. तीन वर्षांची, रोज दोन माणसं चालवतात, आणि अजून नव्यासारखी? माझ्याकडे अशी बॅटरी आली नाही आजवर." तो आमच्याकडे आदराने बघायला लागला. "हिला सांभाळतं कोण?"

"मी," आम्ही तिघी म्हणालो.

"कोण ते एक सांगा. मला गिऱ्हाइकांना शिकवायचंय."

मग मी सांगितलं. गार होऊ देते, ऐंशीवर काढते. "त्याआधी लावतं कोण पण?" धाकटी म्हणाली, "मी लावते, रोज, आल्या आल्या. मी नसते तर ती कधी वीसच्या वर गेलीच नसती." सासूबाई म्हणाल्या, "आणि मी उपटते. दोघींचं." मग कोठीची फरशी, हातभर अंतर, कुलूप आणि पर्समधली चावी, सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. सायकलवाल्याने मधल्या मधल्या गोष्टी दोनदा विचारल्या. माझ्या 'काढते'नंतर धाकटीचं 'लावते', त्यानंतर सासूबाईंचं 'उपटते', असा क्रम त्याने बोटांवर जुळवला आणि मग तो हसायला लागला. एवढा आडदांड माणूस एवढ्या बारीक आवाजात हसताना मी कधी पाहिला नव्हता. त्याला टेबलाला धरून उभं राहावं लागलं.

"म्हणजे तुमच्या भांडणात ही कधी पूर्ण भरली नाही, कधी रिकामी पडली नाही, कधी तापली नाही. एकटीच्या हातात असती तर केव्हाच इथे लागली असती." त्याने फळीकडे बोट दाखवलं. "तुम्ही ऐंशीवाल्या ना? तुम्ही रोज आठवणीने काढता?"

"काढते म्हणजे... गिऱ्हाईक लांबचं असलं की राहून जातं. पण तेव्हा आई काढतात," मी म्हणाले आणि मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

त्याने डोळे पुसले आणि परत पडद्याकडे वाकला. "एकच गोष्ट कळत नाही. तीन वर्षांत एकदाच, आता अलीकडे, ही पार तळाला गेलेली दिसते. त्या दिवशी काय झालं होतं?"

धाकटीची मान खाली गेली.

"त्या दिवशी वहिनींनी..." तिने सुरुवात केली.

"मी काही केलं नाही," मी म्हणाले. "अगं, खरंच काही केलं नाही. मी टेकडीपलीकडे जाऊन आले होते, बॅटरी संपतच आली होती. म्हटलं, उद्या तिचा मोठा दिवस आहे, आज आपण तिच्या वाटेत यायचं नाही. ती लावेल आणि शंभर करेल, तिच्या मनासारखं. म्हणून मी सॉकेटकडे फिरकलेच नाही."

धाकटीने वर पाहिलं. "मी पण नाही लावली," ती हळूच म्हणाली. "तुम्ही इतक्या खूश होतात. म्हटलं, आज वहिनींच्या पद्धतीने होऊ दे, त्या लावतील ऐंशीच्या हिशेबाने. पहाटे आकडा बघायची गरजच वाटली नाही. कधी रिकामी नसायची ना."

दोघींनी एकदम सासूबाईंकडे पाहिलं.

"मी रोज प्लग काढायला जाते, तशी गेले होते," सासूबाई म्हणाल्या. "प्लग नव्हताच. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी तुम्हाला हाक मारून सांगितलं असतं. पण तुम्ही दोघी आत हसत होतात. मी म्हटलं, कशाला मध्ये पडा."

भाऊजींनी पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात पाणी नव्हतं. मग ते काउंटरकडे गेले आणि एक छोटी डबी उचलून आणली. "हे टायमर. ठरवलेल्या वेळी आपोआप बंद होतं. कोणाला काही करायलाच नको."

"चांगलं आहे ते," सायकलवाला म्हणाला.

"नको," आम्ही तिघी म्हणालो. भाऊजींनी डबी जागेवर ठेवली.

बाहेर आल्यावर भाऊजी सासूबाईंना घेऊन पुढे चालायला लागले. धाकटी सायकलला बॅटरी बसवत होती, आणि ती नीट बसली की नाही हे बघायला मी उगाच वाकले होते. तिथेच, वाकलेल्या अवस्थेत, मी म्हणाले, "जाऊ नकोस."

"बॅटरीसाठी?"

"बॅटरी गेली खड्ड्यात. मला करमणार नाही."

तिने बॅटरीचं कुलूप दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मग सायकलवर बसली आणि मागे न बघता चढाला लागली. मी तिची मान बघत राहिले, पण माझी विद्या त्या दिवशी चालली नाही. ताठ होती, एवढंच कळलं.

मी घरी पोचले तेव्हा ती बोळात खोक्यांच्या मध्ये उभी राहून मालकिणीशी फोनवर बोलत होती. मालकिणीचा आवाज असा आहे की फोन कानाला लावावा लागत नाही, मला दारातून सगळं ऐकू येत होतं.

"खोल्या नकोत," धाकटी म्हणत होती. "हो, विचार करून सांगतेय. उशीर नाही होणार. कारण कळलंय आता, परत तसं होणार नाही."

"होणार नाही कशावरून?" मालकीण ओरडली.

"कारण आम्ही परत तसं वागणार नाही."

"आणि माझ्या खोल्या सोडून तिथे राहण्यात एवढं काय अडलंय तुझं?"

"इथे माझी गरज आहे."

"कशाला?"

धाकटीने जरा विचार केला. "प्लग लावायला."

मग मालकीण म्हणाली, "उद्या वेळेवर आलीस तर मोठी भट्टी. नाहीतर जन्मभर बिस्किटं," आणि फोन ठेवला.

धाकटी वळली. तिने वरचं खोकं उचलून बाजूला केलं, चढ चढून तापलेली बॅटरी घेतली आणि सरळ चार्जिंगला लावली. मला इतका आनंद झाला, इतका झाला, की तो कुठे ठेवावा कळेना.

"अगं ए, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडले. "गरम आहे ती! आधी गार होऊ दे!"

"नाही होऊ देणार," धाकटी म्हणाली. "आणि हिरवा दिवा लागेपर्यंत काढायची नाही."